साठ्यांची शाल

काल सोसायटीच्या फाटकाला ग्रीस लावलं आणि त्या वासासरशी मला साठ्यांची शाल आठवली. धरणाच्या दरवाजांनाही अगदी असाच वास यायचा.

पुण्यात तेव्हा आयटी कंपन्या नव्याने येत होत्या. धरणावरच्या माझ्या कार्यालयात मात्र पावसाचा अंदाज फॅक्सवर यायचा. एका श्रावणात अतिवृष्टीचा इशारा आला. धरण काठोकाठ भरत आलेलं, म्हणून मी आधीच दरवाजे उघडून पाणी सोडलं. पाऊस आलाच नाही. पुढे वर्षभर लोक विचारायचे, "आमचं प्यायचं पाणी नदीत सोडणारे आपणच का?"

पुढच्या वर्षी माझ्या खुर्चीत साठे होते. तसाच इशारा, तसंच भरलेलं धरण. त्यांनी दरवाजे बंद ठेवले. ढग परस्पर निघून गेले आणि पाणी वाचवलं म्हणून साठ्यांचा सत्कार झाला.

मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. नजर मात्र खिडकीबाहेर होती. एखादा तरी काळा ढग दिसावा.

चहाच्या वेळी साठे हळूच म्हणाले, "अहो, धाडस कसलं? तुम्ही खाल्लेली बोलणी आठवली आणि दरवाजे उघडायला हातच धजावला नाही."

म्हणजे बोलणी मी खाल्ली, घाबरले ते, आणि शाल त्यांना!

आता दोघंही निवृत्त आहोत. माझा निर्णय बरोबर होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी थंडीत साठे ती शाल पांघरून फिरायला निघाले, की मी रस्ता ओलांडून पलीकडून चालतो.