भास्करकाकांच्या काठीवरची घंटा

आशागडला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बागायतदारांचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, उन्हाळ्यात कूलर. हे सांगायचं कारण एवढंच, की माझ्या धंद्यात ‘आपोआप’ असं काही नसतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, हातसुद्धा लावला नाही, आपोआप जळली... आणि मी कव्हर उघडलं की आत उंदराचं घर निघतं. त्यामुळे लोकांचे भुताखेतांचे असले अनुभव मी आजवर चहाबरोबर चवीने वाचले आणि विसरून गेलो. आज माझाच लिहायला बसलोय. हसायचं तर खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो.

गोष्ट २०१७ ची, नवरात्रातली. जागा डहाणूची खाडी, गावातल्या पुलाच्या अलीकडचा काठ. तिथे पाण्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत. डोक्यावर रिक्षांचा आवाज, समोर बर्फाचा कारखाना, शेजारी गावाचं गटार. पण पाऊस सरला की भरतीबरोबर जिताडा आत येतो, नशीब असेल तर रावसही. आम्ही हौशी लोक होडीत बसत नाही. काठावरूनच गळ टाकतो.

आम्ही म्हणजे मामा, भास्करकाका आणि मी. मामा आईचा धाकटा भाऊ. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आणि शाळेत नाव घालण्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळं मामानेच केलं. गळ बांधायलाही त्यानेच शिकवलं. भास्करकाका त्याचे जुने जोडीदार, डहाणूतच शिलाईकाम करायचे.

आमची पद्धत साधी. दगडांच्या फटीत बांबूची काठी रोवायची, गळाची दोरी तिला गुंडाळायची आणि टोकाला घंटा बांधायची. मासा लागला की घंटा वाजते. मामाच्या काठीला घुंगरू होते, माझ्या काठीला बाजारातली चिनी घंटी. भास्करकाकांनी मात्र तलासरीच्या बाजारातून शेळीच्या गळ्यातली घंटा आणली होती. जाड, खणखणीत न वाजणारी, घसा बसल्यासारखी. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करायचो.

आणि काठावरचा एक नियम. घंटा वाजली आणि मालक जागेवर नसेल — चहाला गेला असेल, आडोशाला गेला असेल — तर शेजारच्याने दोरी ओढायची. विचारायचं नाही, टाळायचं नाही. आणि मालक येऊन दोरी हातात घेईपर्यंत सोडायची नाही. मासा मालकाचा. भास्करकाकांच्या शेजारची जागा मामाची होती, मामाच्या शेजारची माझी.

त्या पावसाळ्यात भास्करकाका काविळीने गेले. गेलेल्या माणसाची काठी आमच्याकडे कुणी उपटत नाही, भरती नेईल तेव्हा नेईल. त्यांची घंटा तेवढी मी सोडवून काकींना नेऊन दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच दाराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवली.

मामा खचला होता. छातीचं दुखणं आधीचं होतंच, आता खाणंही सुटलं. डॉक्टर म्हणाले, त्याला घरात बसवू नका, पण धावपळ आणि ओझं अजिबात नको. म्हणून त्या दिवशी मीच त्याला खाडीवर नेलं. लाइनच्या कामासाठी वीज दिवसभर बंद, दुकानात करण्यासारखं काही नव्हतं. दुपारची भरती लागली होती. लख्ख ऊन, आणि पुलापलीकडे गरब्याच्या मांडवात कुणीतरी जनरेटर लावून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ चालवलेलं. काठावर आम्ही दोघेच.

मी आमिषाची कोळंबी सोलत होतो. घंटा वाजली.

घुंगरू नाही, माझी चिनीही नाही. ती घसा बसलेली घंटा. मी मान वर केली. भास्करकाकांची काठी नुसती उभी होती, टोकाला काही नव्हतं. पण ती वाकत होती.

मला वाटलं, पाण्याने हलतेय. तोवर मामा उठला होता, ज्या सवयीने इतकी वर्षं उठायचा त्याच सवयीने. काठीजवळ जाऊन त्याने हात घातला आणि ओढायला लागला, एकाआड एक हात. मी म्हटलं, अरे मामा, काय करतोस? त्याने ऐकलंच नाही. एक पायरी उतरला. मग आणखी एक.

माझ्या जागेवरून दोरी दिसत नव्हती. पण उन्हात नायलॉन तसंही दिसत नाही, म्हणून मी आधी घाबरलो नाही, नुसता वैतागलो. जवळ गेलो तेव्हा त्याचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर आडवे काप, रक्त मनगटापर्यंत आलेलं. आणि मुठीत काहीही नव्हतं.

पाणी त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि पाय पायरीला रोवले. दुकानात पाच एचपीची मोटर मी एकटा हलवतो, वजन काय असतं ते मला कळतं. ते वजन मामाचं नव्हतं. मामाला धरून कुणीतरी मलाही ओढत होतं.

इथे जे लिहितोय ते मी बायकोलाही बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मासा कसा ओढतो ते मला ठाऊक आहे. तो झटका देतो, पळतो, दमतो, परत झटका देतो. हे तसं नव्हतं. एक ओढ, मग हात बदलण्यापुरता थांबा, परत एक ओढ. सावकाश, घाई न करता... जसे आम्ही काठावर उभे राहून ओढतो, अगदी तसं.

मी ओरडलो, “सोड, मामा. सोड ते.”

मामाने मान वळवली. चेहरा नेहमीचा, थोडा वैतागलेला. “मालक आल्याशिवाय कशी सोडू?” म्हणाला. “तुला शिकवलंय ना मी?”

पाणी माझ्या कमरेला लागलं. मामाच्या छातीची धडधड माझ्या हातांना जाणवत होती, आणि मला रडू फुटलं. हा माणूस गेला तर मला अरे-तुरे करणारं घरात कुणी उरणार नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, मी त्याच्या कानाशी म्हणालो, “मालक आलाय, मामा. दोरी दे त्याला.”

मामा समोर पाण्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हात पुढे करून त्याने मुठी उघडल्या, आणि आम्ही दोघे मागच्या मागे पायरीवर आपटलो. काठी सरळ झाली. पलीकडे माइक टेस्टिंग चालूच होतं.

त्याला घरी सोडून मी ओल्या कपड्यांनीच काकींकडे गेलो. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “दुपारी कुणी आलं होतं का रे? घंटा सारखी वाजत होती, मी दोनदा दार उघडून बघितलं.” वारा नव्हता आणि वीज नसल्याने पंखाही बंद. मी खिळा हलवून बघितला, चौकट ठोकून बघितली. धंद्याची सवय. कव्हर उघडायला काही नव्हतंच.

मामा परत खाडीवर गेला नाही. त्याची काठी त्याने मला काढू दिली नाही. एकदाच त्याने विचारलं, “तू म्हणालास मालक आला... तुला दिसला होता ना?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मग बरं झालं.”

२०१९ मध्ये तो कासाच्या रुग्णालयात वारला, छातीच्याच दुखण्याने. त्या दुपारी मी जवळच होतो. शांत पडला होता. मग एकदम सावध झाला, “घंटा वाजतेय,” म्हणाला, आणि चादरीवर त्याचे हात चालू लागले, एकाआड एक. मी ते धरले. या वेळी काय बोलावं मला सुचलं नाही. शेवटची अंघोळ घालताना त्याचे तळवे उघडले. जुने वण होते, आणि त्यांच्यावर आडवे, ताजे, ओले काप.

डॉक्टर, भगत, शिकलेले, न शिकलेले, सगळ्यांना विचारून झालं. भास्करकाकांची काठी पुढच्या पावसात वाहून गेली. मामाची अजून उभी आहे, मी पुलावरून जाताना बघतो. घुंगरू मी सोडवून आणले आणि कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेत.

कपाटाजवळ मी दुपारचा थांबत नाही. मामाच्या शेजारची जागा माझी आहे.