चुलवाणातल्या वांग्यांचं सूप

आबांच्या नाकातली नळी काढून त्यांना घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "गिळता येतंय त्यांना. पण चार दिवसांत तोंडाने पोटात काही गेलं नाही, तर नळी परत घालावी लागेल." पक्षाघाताने माझ्या वडिलांची वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. पहिल्यांदा नळी घालताना त्यांनी ती उपसू नये म्हणून डावा हात दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

दाट, घोटलेलं, बिनतिखटाचं द्या, असं सांगितलं होतं. मी दुधी घोटला, लाल भोपळा घोटला. आबा ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे. जन्मभर तांबडा रस्सा ओरपलेला माणूस दुधीला तोंड उघडेल, ही माझीच खुळी अपेक्षा. तरी मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आबा गुळव्या होते. मुरगूडकडच्या गुऱ्हाळांवर उसाचा रस आटवून काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची, हे तेच ठरवायचे. काहिलीखालच्या भट्टीला चुलवाण म्हणतात. तिच्या निखाऱ्यात वांगी, कांदे भाजायचे आणि भाकरीबरोबर खायचे, हे त्यांचं हंगामातलं जेवण. घरी आले की घरभर धुराचा वास. कॉलेजात असताना मला त्याची लाज वाटायची. त्यांचे शर्ट मी माझ्या कपड्यांबरोबर भिजवू द्यायची नाही.

दोन दिवस असेच गेल्यावर आई म्हणाली, "चुलवाणातलं कायतरी दे की त्यास्नी."

तिसऱ्या दिवशी सकाळीच एसटीने मी गुऱ्हाळ गाठलं. चुलवाणावरच्या माणसाने आबांबरोबर अनेक हंगाम काढलेले. "आबांसाठनं व्हय? बस जरा," म्हणत त्याने माझी वांगी, टोमॅटो, कांदे निखाऱ्यात सारले. कोल्हापूरला घरी परत येऊन मी ते सगळं नळाखाली धुतलं. काळ्या सालीचा, राखेचा एक कण ठेवला नाही. आजारी माणसाच्या पोटात राख कशी घालायची?

आई दारातून बघत होती. "धुतलीस व्हय? मग ऱ्हायलं काय त्यात?"

भाजलेलं वांगं धूत नाहीत, बोटं ओली करून सोलतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी धुतलं. तेच घोटून नेलं, तर आबांनी वाटीचा वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौथ्या दिवशी पुन्हा पहिली एसटी. चुलवाणावरच्या माणसाने पिशवी घेतली आणि भाजून दिलं. घरी येऊन मी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत एकेक साल काढली. कुठे काळा ठिपका राहिला, तो राहू दिला. मिक्सरमधून काढून गाळलं, म्हशीच्या दुधाची साय घातली आणि मंद गॅसवर ढवळत राहिले. रंग अगदीच मातकट झाला होता. हातांना मात्र आबांच्या शर्टाचा वास येत होता. मला फार भीती वाटत होती.

वाटी जवळ नेली तसे आबा भिंतीकडून वळले. मी चमचा पुढे केला, पण ओठ मिटलेलेच. मग त्यांनी डावा हात उचलला, बोट वाटीत बुडवलं आणि अंगठ्यावर घोळून बघितलं. गुऱ्हाळावर पाक बघायचे तसंच. मान हलवली. बोट हवेत गोल गोल फिरवलं. अजून आटव.

मी पळतच स्वयंपाकघरात गेले. पातेलं परत गॅसवर ठेवलं, तळाला लागू नये म्हणून खरवडून ढवळलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्यांदा वाटी नेली. परत बोट, परत अंगठा. या वेळी त्यांनी तळहात सावकाश खाली केला. काहील उतरवायला सांगताना ते असाच हात करायचे.

मग त्यांनी तोंड उघडलं.