एकदाच घेतलेलं माप

अंबडच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं मापं तपासली. पहिला नग पास झाला की पुढचा सगळा माल त्याच मापाने काढायचा, ही माझी शिस्त. बायकोच्या पोटावरही मी तीच चालवली.

ऑपरेशनमध्ये तिच्या आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं होतं. तीन महिन्यांनी परत आत जोडू, तोवर तब्येत राखा, असं डॉक्टर म्हणाले. त्या टोकाच्या तोंडावर मळ गोळा करायची पिशवी बसवायची. ती कातडीला चिकटते एका चकतीने, आणि चकतीला मधोमध तोंडाएवढंच भोक कापायचं. सिस्टरने माप घेऊन दाखवलं. घरी येऊन मी पुठ्ठ्याचा साचा केला आणि एका बैठकीत वीस चकत्या कापून ठेवल्या. इतक्या सुबक की शेजाऱ्यांना दाखवायला निघालो होतो. बायकोनेच डोळे वटारले.

पिशवी बदलताना भोवतालची कातडी बघून मी वहीत लिहायचो. 'ठीक.' 'थोडी लाल.' 'लाल, ओली.' मग 'सोललेली, रक्त.' तारीख, वेळ, सगळं चोख. आणि मी गाढव नुसता लिहीत राहिलो. ओल्या कातडीवर चकती टिकेना, पिशवी गळू लागली. तिने जेवणच तोडलं.

"खाल्लं की वाहतं, वाहिलं की झोंबतं. नको मला."

शेवटी दवाखान्यात नेलं. सिस्टरने माझी चकती त्या तोंडावर धरली, तर भोवती करंगळी जाईल एवढी फट. सूज उतरली की तोंड आकसतं, म्हणून दर वेळी नव्याने मापायचं असतं. त्या फटीत मळ साचून कातडी जळत होती. हे सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नसणार. मला कोण माप शिकवणार?

परतताना रिक्षात मी बायकोला विचारलं, "एवढी आग होत होती, तर माप बघा म्हणून बोलली का नाहीस?"

ती येवल्याकडची. "अहो, तुमचं माप कधी चुकतं का? मला वाटलं, माझंच आंग वंगाळ हाय."

ते ऐकून मला स्वतःची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

आता दर वेळी मापतो. कातडी भरत आली आहे, परवा वहीत 'ठीक' लिहिलं. पण तिचं वजन इतकं उतरलंय की डॉक्टर आतडं जोडायची तारीख देत नाहीत. चतकोर भाकरी खाऊन ती हात धुते. मी ताट पुढे सारतो, ती त्यावर झाकण ठेवते.