क्लॅरीच्या बार्लीत

ट्रॅक्टरच्या चाकांच्या जुन्या खुणांमधून चालत आम्ही क्लॅरीच्या शेताच्या मध्यावर आलो असू. रेलीननं पॅराशूटचं बोचकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि थांबली.

"सू, मानेत काहीतरी टोचतंय. बघ गं जरा."

बघितलं तर बार्लीची कुसळं. कॉलरच्या आत, केसांत, मोज्यांत, जिथे जागा मिळेल तिथे. मी एकेक काढू लागले.

"निम्मं पीक अंगावर घेऊन निघालीस," मी म्हटलं. "क्लॅरी वजनकाट्यावर उभं करील तुला."

"करू दे. पण आधी बोचकं उतरवून ठेवीन. एवढं वजन माझं नाही."

ती हसली, पण नजर धावपट्टीकडे होती. तिकडे पांढऱ्या शेडसमोर एक ठिपका उभा होता, कमरेवर हात ठेवून. तो डूगल, तिचा शिक्षक. इतक्या लांबून त्याचा चेहरा काही दिसत नव्हता, आणि रेलीनला नेमका तोच बघायचा होता. एकट्यानं उडी मारायचा परवाना मिळण्याआधीची तिची ही शेवटची उडी. उतरायचं होतं शेडसमोरच्या हिरवळीवर. ती उतरली शेजाऱ्याच्या उभ्या पिकात.

क्लॅरीचं पीक कापणीला आलेलं. अशा वाळलेल्या रानात कुणी गाडी घालत नाही, सायलेन्सरखाली एक काडी पेटली की सगळं शेत जातं. म्हणून तिला आणायला मी पायीच निघाले होते. ती खाली जाताना बघून माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं होतं. मग पिकातून एक हात वर आला आणि डोक्यावर टेकला. मी ठीक आहे असं सांगायची उड्या मारणाऱ्यांची ही खूण. तरी मी निम्मी वाट जवळजवळ पळतच गेले.

"डूगल काय म्हणेल?" मी विचारलं.

"म्हणेल ते म्हणेल. मला माहीत आहे मी काय केलं."

वर्षापूर्वी ही बाई असं बोलली नसती.

रेलीन हॉजकिसला आमच्या गावात सगळे शाळेच्या बसमुळे ओळखतात. वय सत्तावन्न. धुक्यात, चिखलात, कांगारू आडवे येतात त्या रस्त्यांवरून ती दोन पिढ्यांची पोरं शाळेत सोडत आली. साप निघाला तर फावडं घेऊन आधी ती पुढे. फक्त उंच चढायचं म्हटलं की तिचे पाय लाकडाचे व्हायचे. घरातला दिवा बदलायला नवरा, पत्र्यावरचा पाला काढायला नवरा. मर्व्ह कुरकुर करत सगळं करायचा आणि दिवस जात होते.

मग गेल्या डिसेंबरात मर्व्हच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कापणी नुकती आटोपलेली. अंगणापलीकडे त्यांची गव्हाची लोखंडी कोठी आहे, दोन मजली घराहून उंच. तिचं झाकण वर जाऊनच लावावं लागतं. रोजंदारीवर आणलेला गडी कोठी भरून गेला आणि झाकण उघडंच राहिलं. दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ आलं. मर्व्ह कुबड्यांवर व्हरांड्यात, शेजारी कुणी फोन उचलेना. रेलीन शिडीला लागली. चार पायऱ्या चढली. पाचवीवर पाय ठेवायला गेली आणि हात शिडीला असे घट्ट बसले की सुटेनात. वरही जाता येईना, खालीही. पाऊस आला. कोठीत शिरणाऱ्या पाण्याचा आवाज ती शिडीला मिठी मारून ऐकत राहिली.

वरचा गहू फुगला, मोड आले, आंबूस वास सुटला. तो मेंढ्यांना घालावा लागला. मर्व्ह तिला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर भांडून मोकळी झाली असती.

"त्याच्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला," ती पुढे मला म्हणाली, "की वाटलं, या माणसाला दाखवूनच द्यावं. पण शिडीकडे बघवत नव्हतं. मग म्हटलं, जिथे शिडीच नाही अशा ठिकाणी जाऊ."

गावाबाहेर जुनी धावपट्टी आहे, तिथे शनिवार-रविवार शहरातली मंडळी उड्या मारायला येतात. रेलीन बस घेऊनच तिथे गेली. डूगल प्रेन्टिस शेडमध्ये जमिनीवर बसून पॅराशूटची छत्री घडी करत होता.

"मला उंचीची भीती वाटते," तिनं सरळ सांगितलं.

"बरं. मग?"

"मग मला शिकव."

"भीती घालवायला आली असशील तर चुकीच्या दारात आलीस," डूगल घडी न सोडता म्हणाला. "ती इथे कुणाचीच जात नाही. घाबरलेल्या माणसाचा हात योग्य जागी जातो की नाही, एवढंच मी शिकवतो."

हे तिला पटलं. तोवर तिला सगळ्यांनी घाबरू नकोस एवढंच सांगितलं होतं.

आणि मग तिचा तो हात. पाठ बाकदार, हनुवटी वर, उजवा हात मागे नेऊन कमरेखालची मूठ चाचपायची. ती ओढली की छत्री उघडते. बस थांब्यावर पोरांची वाट बघताना ती स्टिअरिंगमागे हेच करत बसायची. एका मुलीनं घरी जाऊन सांगितलं की मिसेस एचची कंबर धरली आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईनं मलमाची बाटली पाठवली.

मर्व्हनं ऐकलं तेव्हा कप खाली ठेवला. "खुर्चीवर चढून दिवा बदलत नाहीस, म्हातारे, आणि विमानातून उडी मारणार?"

"खुर्चीला छत्री नसते, मर्व्ह."

"घरात इतकी कामं पडली आहेत. मरायचंच असेल तर ती आटपून मर."

तरी पहिल्या उडीला गाडी त्यानंच चालवली. धावपट्टीच्या कुंपणाला गाडी लावली ती मात्र पाठमोरी. आभाळ मागे, समोर नुसती मोकळी जमीन. खिडकीच्या काचा वर, रेडिओवर घोड्यांच्या शर्यती मोठ्यानं. दर वेळी हेच. मी डब्यातून सांज्याच्या वड्या नेत असे, त्या तो खायचा. वर मात्र बघायचा नाही.

विमानाचं दार उघडायच्या आधी त्या लोकांची एक रीत आहे. प्रत्येक जण प्रत्येकाच्या डोळ्यांत बघतो, तळव्याला तळवा लावतो, मग मुठीला मूठ. पहिल्या दिवशी रेलीननं हात पुढे केला आणि चमकली. हजारो उड्या मारलेल्या डूगलचा तळवाही ओला होता. तिच्या हाताइतकाच.

"तिथेच माझं काम झालं, सू," ती म्हणायची. "मला वाटायचं, जगात एकटी मीच घाबरट."

उडीबद्दल ती फार बोलत नाही. थंडी, वाऱ्याचा आवाज, दोन बाजूंना दोन शिक्षक, आणि तिचा हात आपोआप मुठीवर. खाली आल्यावर रडली आणि लगेच भूक लागली. त्यांच्याकडे जे काही पहिल्यांदा घडेल त्याला बिअरचं खोकं द्यायचं असतं. पहिली उडी, पहिली एकटीची, पहिल्यांदा न पडता उतरणं. रेलीन स्वतः चहापलीकडे जात नाही, पण त्या थंडीत तिनं अख्ख्या शेडला पाजली. दर खोक्यागणिक तिची मान थोडी अजून ताठ झाली.

मग सप्टेंबर आला आणि तिनं ती चूक केली.

वारा अचानक फिरला. छत्रीखाली ती हिरवळीपासून लांब गेली. तिच्या कानात रेडिओ होता, त्यातून डूगल सांगत होता, "सरळ ये. समोरच्या बार्लीत उतर. वळू नकोस."

शहरातलं कुणी असतं तर उतरलं असतं. ही शेतकऱ्याची बायको. क्लॅरीची बार्ली तेव्हा हिरवीगार, गुडघ्यापर्यंत. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. जमीन अगदी जवळ आली असताना तिनं डावी दोरी ओढली, शेतामधल्या वाटेवर उतरायला. इतक्या खाली वळलं की छत्री झुकते आणि माणूस दगडासारखा जमिनीवर येतो. देवाची कृपा म्हणायची, घोटा मुरगळला आणि कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं.

डूगल तिच्यापर्यंत धावत आला. तो ओरडेल असं वाटलं होतं. पण तो तिच्या बाजूला जमिनीवर बसला. "रेलीन, चांगले चांगले लोक या एका वळणानं गेले आहेत. तू कशासाठी वळलीस? बार्लीसाठी?"

"क्लॅरीची आहे ती," ती म्हणाली.

डूगलनं तिच्या उड्या बंद केल्या. घोटा बरा होईतो आणि त्यानंतरही काही आठवडे, दर शनिवारी हिरवळीच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांचं उतरणं बघायचं. कोण किती उंचीवर असताना जागा ठरवतं, एवढंच. तिला वाटलं, आपण परत त्या पाचव्या पायरीखाली आलो.

एका शनिवारी क्लॅरी बील तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. माणूस ऐंशीच्या घरातला, बोलणं मोजकं.

"माझ्या बार्लीवरून जीव देत होतीस म्हणे."

"उभं पीक होतं, क्लॅरी."

"डुकरं आत घुसतात, ती विचारतात का मला? पुढच्या वेळी माझ्या शेतात उतरली नाहीस तर मी अपमान समजेन. आणि मधोमध उतर. कडेला पीक तसंही बारीक आहे."

ती पोट धरून हसली. पण घरी गेल्यावर त्याचंच बोलणं मनात घेऊन बसली. मर्व्हला न सांगता संध्याकाळी कुंपणाशी जाऊन बार्लीकडे बघत उभी राहायची. त्यात स्वतःला उतरताना बघायची, पाय जुळवून, सरळ.

आणि आज. आज कानात रेडिओ नव्हता, तसा नियमच आहे. छत्री नीट उघडली, वारा मात्र सांगितल्याहून जोरात. हिरवळीपर्यंत पोचणार नाही हे तिला बऱ्याच उंचीवर असतानाच कळलं. सप्टेंबरात पीक टाळता येईल या आशेवर ती शेवटपर्यंत ताणत राहिली होती. आज तिनं ताणलं नाही. लगेच जागा निवडली, वाऱ्याला तोंड केलं आणि पिवळ्या पिकाच्या मधोमध सरळ खाली आली. शेवटच्या क्षणी दोन्ही दोऱ्या ओढल्या आणि बार्लीत उभी राहिली, जणू बसच्या पायरीवरून उतरली.

"किती पीक मोडलं?" मी विचारलं.

"आपल्या जेवणाच्या टेबलाएवढं. क्लॅरीला मोजून दाखवीन."

फाटकाशी डूगल येऊन थांबला होता. आम्ही आत आलो, रेलीननं फाटक लावून कडी घातली. मग बोचकं जमिनीवर न ठेवता तशीच त्याच्यासमोर उभी राहिली.

"जागा कधी ठरवलीस?" त्यानं विचारलं.

"वरच. शेडचं छप्पर मागे सरकायला लागलं तेव्हाच."

"हिरवळीकडे यावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. आले नाही."

डूगलनं मान हलवली. मग तळवा पुढे केला, विमानात करतात तसा. तिनं तळवा लावला, मग मूठ.

"दोन खोकी लागतील," तो म्हणाला. "एक पहिल्यांदा पिकात उतरलीस त्याचं. दुसरं परवान्याचं."

"आणि तिसरं क्लॅरीला," रेलीन म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता, पण बोचकं घट्ट छातीशी आलं होतं.

कुंपणाशी मर्व्हची गाडी होती. रेडिओ बंद होता. मर्व्ह बाहेर उभा, बोनेटला टेकून, आणि गाडीचं तोंड आज धावपट्टीकडे होतं.

"क्लॅरीच्या शेताला भोक पाडलंस म्हणे," तो म्हणाला.

"तुला कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं?" त्यानं तिच्या हातातून बोचकं घेतलं. "पाय मात्र चांगले जुळवले होतेस, म्हातारे."

रेलीननं माझ्याकडे पाहिलं. मी वड्यांचा डबा उघडायच्या निमित्तानं मान खाली घातली.

तो बोचकं गाडीत ठेवायला मागे गेला तेव्हा तिनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. केसांतलं एक कुसळ अजून राहिलं होतं, ते मी काढलं.

"सू, पुढच्या आठवड्यात आमची कापणी सुरू होतेय. कोठी भरेल."

"हं."

"उद्या मर्व्ह मेंढ्यांच्या बाजाराला जाणार आहे. पोरांना शाळेत सोडलं की मी मोकळी." ती धावपट्टीकडे नाही, घराच्या दिशेनं बघत होती. झाडांवरून कोठीचं पत्र्याचं टोक दिसत होतं. "आकाशातून पडणं वेगळं गं. तिथे पाठीला छत्री असते. शिडीला मी अजून हात लावलेला नाही."

"मर्व्हला सांग ना. तो थांबेल खाली."

"तो थांबला की मी त्याच्यासाठी चढेन. मला माझ्यासाठी चढायचंय. कमरेला त्याचा सुरक्षेचा पट्टा बांधीन, पायरीपायरीला आकडा अडकवत जाईन, वेडेपणा करणार नाही. झाकण लावीन, उघडीन आणि खाली येईन. तू ये. शिडी धरून उभी राहा. घाबरू नकोस असं म्हणायचं नाही, थांब म्हणायचं नाही, मला ओढायचं तर मुळीच नाही. तुझ्या देवाचं नाव घेतेस ते घे. फक्त या वेळी जरा मोठ्यानं घे, मला वरपर्यंत ऐकू येईल एवढं."