चालू कोण आहे?

यादी या वस्तूचा माझ्या जावयाइतका राग करणारा माणूस अख्ख्या बदलापुरात सापडायचा नाही. त्या रागापायी त्याने मी नऊ वर्षं जपलेलं भांडणसुद्धा मोडलं.

तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, कागदावर तो. पन्नाशीचा आहे. घरी बसून दूर कुठल्याशा क्लाउडमधल्या भाड्याच्या सर्व्हरना कामाला लावतो. मला एकदा त्याने समजावलं, "आई, सकाळी दहा सर्व्हर असतात, दुपारी चाळीस, संध्याकाळी तीन. यादी लिहिली की लिहितानाच शिळी होते. म्हणून आमचा प्रोग्राम दर वेळी आधी क्लाउडलाच विचारतो, आत्ता चालू कोण आहे? मग ज्याच्यावर जी चिठ्ठी, त्याला ते काम. याला डायनॅमिक इन्व्हेंटरी म्हणतात." म्हणोत बापडे. मी चौथी शिकलेली, तरी एवढं मला कळलं. पण हा माणूस घरही तसंच चालवायचा. पानं मांडण्याआधी घरभर ओरडत फिरायचा, "चालू कोण आहे?" जो ओ देईल त्याचं पान. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्याने ओ दिली. तो दोन भाकऱ्या खाऊन गेला, आणि देवघरात जप करत बसलेली माझी मुलगी उपाशी राहिली. "ओ नाही म्हणजे बंद," हा म्हणाला.

मग चिठ्ठ्यांचं खूळ निघालं. डब्यांना, छत्र्यांना, आमच्या कपड्यांनाही चिठ्ठ्या. माझ्या शालीला पिवळी, म्हणजे साखरेचा आजार. नातीची होणारी सासू पहिल्यांदा आली, पंख्याखाली कुडकुडली, म्हणून मी तिला शाल दिली. जावई आतून आला, पिवळी चिठ्ठी बघितली आणि कारल्याचा रस तिच्या हातात ठेवला. बाईंनी पेला रिकामा केला. आमच्याकडची रीत वाटली त्यांना. पुढे आम्ही त्यांच्याकडे गेलो तर मान म्हणून सगळ्यांपुढे कारल्याचाच रस आला.

अशात नातीची हळद ठरली. आमच्यात हळदीचं बोलावणं नुसत्या पत्रिकेवर होत नाही. घरी जाऊन उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. एक घर सुटलं की जन्माचा अबोला. माझी वही तयार होती. त्यात अंबरनाथच्या थोरल्या बहिणीच्या नावावर जाड काट. आई गेल्यावर पाटा मी आणला, वरवंटा तिने नेला. दोघी हटलो नाही. नऊ वर्षं ती वरवंटा घेऊन बसली, मी पाटा.

जावयाने वही चाळली. "आई, यातले चार जण वारलेत."

"मग? नावं खातात का काही?"

"बंद सर्व्हरला निरोप धाडला की आमचं काम तिथेच अडतं हो." वही मिटून तो थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या कासारणीकडे गेला. आमच्या घराघरातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरते तीच. तिने बसल्या जागी सगळी घरं सांगितली. कोण कुठे राहायला गेलं, कोण आजारी, कोण उरलं नाही. तिच्याकडे काट मारायची सोय नाही. आणि हा पठ्ठ्या मला न विचारता सगळीकडे अक्षता ठेवून आला.

हळदीच्या दिवशी थोरली दारात उभी. हातात जड पिशवी. मी जावयाकडे बघितलं.

"चालू आहेत, म्हणून बोलावलं," तो म्हणाला.

थोरली माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस म्हशीसारखी? पाटा काढ."

हळद आम्ही दोघींनी वाटली. "पाटा अगदी गुळगुळीत केलायस गं," ती म्हणाली. "वरवंट्याशिवाय कसा झिजेल? तुझ्या डोळ्यांना चष्मा लागलाय," मी म्हणाले. जाताना तिने वरवंटा धुऊन, पुसून पिशवीत घालून परत नेला. मीही पाटा दिला नाही.

जावयाला मी शाबासकी दिली नाही, देणारही नाही. पण थोरली आता ऐंशीची आहे. जिना चढली की दम लागतो. रोज सकाळी चहाआधी मी तिला फोन लावते. कधी कधी बराच वेळ वाजतो. मग ती म्हणते, "काय गं?" मी म्हणते, "काही नाही," आणि ठेवते.

स्वयंपाकघरातून जावई ओरडतो, "आई, अंबरनाथ चालू?"

"आज चालू," मी सांगते. "उद्याचं उद्या विचारू."