पिवळ्या चिंधीचे गठ्ठे

किमान वेतन वाढल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी धुलाईघराचा मालक स्वतःहून हसला. घड्या घालणाऱ्या पाच बायकांपैकी चौघींना ते शुभ वाटलं. पाचवीला, वहिनीला, मात्र नाही.

तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिची धाकटी नणंद शेजारी उभी राहून दिवसभर तशी हाक मारी. मालकसुद्धा तसंच म्हणे. तिथे इस्पितळांच्या चादरी धुवायला येत. सुकवण्याच्या यंत्रातून निघालेल्या कढत चादरी लांब टेबलावर पडत, आणि या पाचजणी त्यांच्या घड्या घालत. पंचवीस चादरींचा एक गठ्ठा. त्यावर प्रत्येकीने आपल्या रंगाची चिंधी बांधायची, म्हणजे घडी वाकडी निघाली तर कुणावर ओरडायचं ते कळावं. वहिनीची हिरवी, नणंदेची पिवळी.

नवरा गेल्यावर नणंद भावाकडे राहायला आली, तेव्हापासूनच तिचं उजवं मनगट अधू होतं. तिचे दिवसाला कसेबसे पाच गठ्ठे होत. वहिनी अकरा करी आणि त्यातल्या तीन गठ्ठ्यांना गुपचूप पिवळी चिंधी बांधी. दोघींचे आठ-आठ, बाकीच्या तिघींचेही आठ-आठ. टेबल बरोबरीत. आठ वर्षं हे चाललं होतं आणि घरात त्यावर कधी चकार शब्द निघाला नव्हता. वहिनीच्या नवऱ्याला पाठीच्या दुखण्याने घरी बसवलं होतं. घर दोन पगारांवर चाले आणि ते दोन पगार तीन धड मनगटांवर.

"या, साहेबीणबाई, या!" वाढ जाहीर झाली त्या संध्याकाळी नवरा म्हणाला. "आता मला कोण विचारणार?"

"आधी तरी कोण विचारत होतं, दादा?" नणंद म्हणाली.

सगळे हसले. वहिनी जरा उशिरा हसली.

सोमवारी मालकाची सून रजिस्टर घेऊन टेबलाच्या टोकाशी येऊन बसली. फार गोड बाई. "कुणाला काढायचं वगैरे नाही हं," ती न विचारताच म्हणाली. "कुणाचे किती होतात, एवढंच बघायचंय, पंधरा दिवस." मग तिने प्रत्येकीची तब्येत विचारली. "मनगट दुखतं का?"

"छे हो," नणंद म्हणाली. "झोपेत अंगाखाली आलं."

वाढीव पगार आपल्याला शोभतो हे दाखवायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण चहाची सुटी आपोआप बंद झाली. टोकाची उंच बाई अर्धा तास आधी येऊ लागली, आणि मग सगळ्याच. रोजचे चाळीस गठ्ठे पूर्वी सहा वाजता संपत. आता साडेतीनलाच टेबल रिकामं होई, आणि पाचजणी हात बांधून अभिमानाने उभ्या राहत. आपल्या खोलीच्या काचेपलीकडून मालक त्यांच्याकडे फार प्रेमाने बघे.

"अगं बायांनो, दमानं घ्या," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "पाचजणींचं काम तिघींत होतं, हे आपणच शिकवतोय त्यांना."

"मग घे की दमानं," उंच बाई म्हणाली. "तुझ्यापासून सुरुवात होऊ दे."

वहिनीने पुढची चादर उचलली आणि आधीपेक्षा जोरात झटकली.

या धावपळीत नणंद तीन गठ्ठ्यांवर आली. वहिनी बारा करू लागली आणि सुनेची मान रजिस्टरात असताना त्यातले सहा पिवळ्या चिंधीत जाऊ लागले.

"पुरे, वहिनी. तुझे कमी पडतील."

"मला कोण काढतंय? आठ वर्षं बघतायत मालक. डोळे आहेत त्यांना."

डोळे होतेच. पण रजिस्टर घेतल्यावर ते वापरायची गरज उरली नव्हती.

सोळाव्या दिवशी दोघींना आत बोलावलं. एक होती सात गठ्ठ्यांची, कधी न बोलणारी बाई. दुसरी वहिनी. तिच्या नावावर सहा.

"नियम काही आम्ही केलेला नाही," सून म्हणाली. "नव्या पगारात तिघीच परवडतात."

"वय झालं की हात मंदावतोच, वहिनी," मालक म्हणाला. "त्यात लाज कसली?"

वहिनीने तोंड उघडलं. काचेतून तिला टेबलाशी उभी नणंद दिसत होती. खरं सांगितलं तर आठ वर्षांच्या लबाडीपायी दोघी घरी बसणार होत्या.

"नणंद मात्र हिरा आहे हं तुमची," सून म्हणाली. "नऊ गठ्ठे! तिच्याकडे बघूनच आम्ही तिघींचा हिशेब धरला."

"हो," वहिनी म्हणाली. "कामाला चांगली आहे."

नवा पगार जुन्यापेक्षा खरंच चांगला होता. फक्त तो आता घरात एकच येणार होता.

सोमवारी सकाळी नणंद मनगटाला पट्टी गुंडाळत दारात उभी होती. पट्टीचं टोक तिला बांधता येईना, म्हणून वहिनीने ते बांधलं.

"चाळीस गठ्ठे, तिघींत," नणंद म्हणाली. "माझ्या वाट्याला तेरा-चौदा येतील."

"हो."

"चौदा म्हणजे चादरी किती गं?"

"साडेतीनशे."

नणंदेने त्या हाताची बोटं मिटून बघितली. ती अर्धीच मिटली.

"दादाला काही सांगू नकोस," असं म्हणून तिने चपला घातल्या. वहिनी गल्लीच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर गेली. त्यापुढे जायचं तिला काही कारण उरलं नव्हतं.