वडगावच्या मागावरची अर्धी साडी

“तुमचे दोन्ही हात शाबूत आहेत ना?” समोरच्या वकिलांनी विचारलं.

“व्हय साहेब, देवाच्या दयेनं,” असं म्हणत शिवाप्पानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून दोन्ही हात वर करून दाखवले.

मी कागदात तोंड खुपसलं. माझ्याच अशिलानं माझा दावा पाण्यात घातला होता.

शिवाप्पा वडगावचा विणकर. साड्यांचं गाठोडं घेऊन तो निपाणीच्या बाजाराला निघाला होता. रस्त्याकडेला सर्व्हिस मोटारीची वाट बघत उभा असताना तंबाखूच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली लॉरी वळणावर त्याच्या अंगावर आली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या काळी लॉरीला विम्याची सक्ती नव्हती. मालकावर दिवाणी दावा लावून भरपाई मागायची, एवढाच मार्ग. ड्रायव्हरची चूक शाबीत करायला मला फारसं झगडावं लागलं नाही. घोडं अडलं ते पुढं.

भरपाई ठरते ती माणसाची कमाई किती बुडाली यावर. लॉरीमालकाच्या वकिलांना सगळे रावसाहेब म्हणत. माणूस मुरलेला. ते शांतपणे म्हणाले, “विणकर बसून काम करतो, हातानं करतो. हात तर त्यानं आत्ताच दाखवले. मग कमाई बुडाली कुठं? औषधपाण्याचा खर्च द्यायला आमची ना नाही.”

सब-जज्ज मान डोलावत होते. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मी हिंडलग्याच्या शेतकरी घरातला. आमच्या घरच्या बायका इथल्याच मागांवरच्या शहापुरी साड्या नेसत, पण माग मी रस्त्यानं जाताना खिडकीतून बघितला असेल तेवढाच. दाव्यात मीच मोठ्या प्रामाणिकपणे ‘हातांस इजा नाही’ असं लिहून ठेवलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मी उखडलो. “शिवाप्पा, हात कशाला वर केलास रं?”

“इचारलं म्हणून दावलं. खोटं कसं बोलू?”

“मग लाकडी पाय लावून बस आणि विण की!”

त्याची बायको गंगाक्का पुढं झाली.

“वकीलसाब, तुमी माग कवा बघितलासा?”

“बघितलाय की.”

“वरनंच बघितलासा. खाली खड्ड्यात काय हाय ते बघितलं न्हाई.”

त्याच संध्याकाळी मी वडगावला गेलो. अंधारी खोली, त्यात माग. मागाखाली कमरेइतका खड्डा. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. तिथं पायानं दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या असतात, त्यांना पावड्या म्हणतात. एक दाबली की निम्मे धागे वर उचलले जातात आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. दुसरी दाबली की उरलेले निम्मे. पाय थांबले की हातांना काही कामच उरत नाही. आणि पावडी किती दाबायची ते उघड्या पावलालाच कळतं, लाकडी पायाला नाही.

“हे मला आधी का सांगितलं नाहीस?” मी शिवाप्पाला विचारलं.

“ते काय सांगायचं, वकीलसाब? सगळ्यास्नी ठाऊकच असतंय की.”

मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी लोकल इन्स्पेक्शनचा अर्ज दिला. म्हणजे जज्जांनी स्वतः जागेवर येऊन बघायचं. हे बहुधा बांधाच्या नाहीतर गटारीच्या भांडणात होई. रावसाहेब हसले. “डावा पाय आहे ना? तोच दोन्ही पावड्यांवर फिरवावा.”

“बघूनच ठरवू,” जज्जसाहेब म्हणाले.

ठरल्या दिवशी साहेब बूट काढून खोलीत आले. मागावर जुनं धोतर टाकलं होतं. गंगाक्कानं ते उचललं. खाली अपघाताआधी विणायला घेतलेली साडी होती, अर्ध्यावर थांबलेली. शिवाप्पा हातांवर भार देत काठावर बसला. डावा पाय एका पावडीवरून दुसऱ्या पावडीवर नेऊ लागला. धोटा अडकला. दोन धागे तुटले. त्यानं ते जोडले आणि पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या उजव्या गुडघ्याकडं गेलं. धोटा पलीकडं गेला की तो गुडघा आपसूक खाली दाबला जाई. खाली पाऊल नव्हतं, तरी दर खेपेला दाबला जाई. साहेबही तिकडंच बघत होते.

“पुरे,” ते हळूच म्हणाले.

रावसाहेब दाराकडं वळले.

डिक्री आमच्या बाजूनं झाली. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण घर उभं राहिलं. तेव्हापासून अपघाताचा अशील आला की मी त्याचे कागद नंतर बघतो. आधी म्हणतो, तुझं काम मला करून दाखव. अशील माहीत असलेलं सांगत नाही आणि वकील माहीत नसलेलं विचारत नाही, यात दावे बुडतात.

निकालानंतर गंगाक्का स्वतः खड्ड्यात उतरली. त्यांच्या घरात बायका फक्त धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, मागावर बसत नसत. भावकीनं नाकं मुरडली. शिवाप्पा शेजारी पाटावर बसून शिकवायचा आणि चुकलं की ओरडायचा. तिनं ती अर्धी साडी पुरी केली. माझ्या बायकोनं हट्टानं तीच विकत घेतली. मी उजेडात धरून खूप बघितली, मला कुठंच फरक दिसेना.

शिवाप्पानं मात्र न शोधता एका जागी बोट ठेवलं.

“हितं माजा पाय थांबला,” तो म्हणाला. “हितनं फुडं गंगीचा.”